लेकीनं जेवायला ग्रीसला नेलं

माझ्या लेकीनं मला ग्रीस देशातल्या एका बेटावर नेलं ते समुद्र दाखवायला नाही. मला जेवू घालायला नेलं. समुद्र तिथं होता म्हणून दिसला.

हे आधी नीट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, म्हातारीची चैन झाली. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरी जेवत नाहीत. गेलं तरी पाहुण्यासारखं बसायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि उठायचं. मूल झालं की बारशाला पहिल्यांदा तिच्या घरी ताटावर बसायचं. बहुतेकींना वर्षा-दोन वर्षांत मूल होतं, त्यामुळं हा रिवाज कुणाला जाचत नाही. माझ्या लेकीला मूल झालं नाही. नवस झाले, पुण्यातले डॉक्टर झाले, नंतर नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली तर तिथले डॉक्टर झाले. आता तिचे केस पांढरे व्हायला लागलेत. तिच्या लग्नापासून तिच्या घरचा घास माझ्या पोटात गेला नव्हता. तिच्या बापाच्या पोटात तर कधीच गेला नाही. ते वारले.

माझे मालक भोकरदनकडच्या आमच्या गावात पिठाची गिरणी चालवायचे. दिवसभर गिरणीच्या आवाजात ओरडून बोलायचं आणि घरी आलं की गप्प, असा माणूस. लेक पुण्यात होती तेव्हा वर्षातून एकदा आम्ही तिच्याकडं जायचो. जाताना मी दशम्या करून फडक्यात बांधायचे. दुधात पीठ मळून केलेली भाकरी म्हणजे दशमी, दोन-तीन दिवस टिकते. लेक वरच्या मजल्यावर राहायची. जेवायची वेळ झाली की मालक फडकं घेऊन उठायचे आणि जिन्यात जाऊन बसायचे. त्यांच्या मागं मी. जिन्यातून माणसं वर-खाली करायची, त्यांच्यासाठी पाय आकसून घ्यावे लागायचे. पाणीसुद्धा आमच्या बाटलीतलं. वर लेकीनं स्वयंपाक केलेला असायचा. फोडणीचा वास जिन्यात यायचा, आणि आम्ही कोरडी दशमी चावत बसायचो.

एकदा तिच्या शेजारणीनं विचारलं, "काका, इथं का बसलात? चावी नाहीये का?"

मालक म्हणाले, "चावी हाय."

एवढंच म्हणाले. लेक वर कठड्याला धरून उभी होती. तिनं ऐकलं.

मालक गेले तेव्हा ती जर्मनीहून आली. तेरावं झालं, माणसं पांगली, मग ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "माय, अण्णा तर गेले. आता तू तरी माझ्या घरी ये आन् जेव."

मी म्हणाले, "बघू."

मग दर रविवारी तिचा फोन यायचा आणि माझं उत्तर तेच असायचं. शेवटी तिनं डोकं चालवलं. फोनवर म्हणाली, "असं कर माय, आधी आपण दोघी एका बेटावर जाऊ. समुद्राकाठी हॉटेल हाय. हॉटेल काही माझं घर न्हाई, तिथं तर जेवशील ना? आठवडाभर माझ्यासंगं बसून जेव. मंग तिथून चार दिवस माझ्या घरी."

पैसा तिचाच लागणार होता, पण चूल तिची नव्हती. आमच्यात चूल धरतात. म्हणून मी हॉटेलाला हो म्हणाले. तिच्या घरच्या ताटाला मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. तिनं ते हो धरलं. मला ते कळलं होतं. मी तिला तसं धरू दिलं.

आता मी बदनापूरला लेकाकडं राहते. लेकानं मला मुंबईपर्यंत नेऊन विमानात बसवून दिलं. चाकाच्या खुर्चीत बसवून माणसं मला इकडून तिकडं ढकलत होती. माझे पाय धड आहेत, पण तिकिटावर तसं लिहिलं होतं म्हणे. अथेन्सला लेक उभी होती. तिथून पुढं बोटीनं.

त्या बेटाबद्दल लोक मला फार विचारतात. काय सांगायचं? खडकाळ, वाळलेली टेकाडं. झाड म्हणून नाही. दगडाचे गडगे घातलेली शेतं आणि त्यात शेळ्या. आमच्या भोकरदनच्या वरच्या रानात समुद्र आणून ठेवला तर असंच दिसेल. घरं मात्र चुन्यानं पांढरी केलेली. त्या पांढऱ्यावर ऊन पडलं की डोळे मिटून घ्यावे लागतात. पाणी निळं होतं हे खरं. इतकं निळं की वापरायचं नसावं असं वाटायचं.

हॉटेलात शिरताच एका पोरीनं माझ्या मनगटावर प्लास्टिकची पट्टी अडकवली. मालकांना जालन्याच्या दवाखान्यात शेवटी अशीच अडकवली होती.

"ही काढायची न्हाई, माय," लेक म्हणाली. "ही असली की कवाबी जेवता येतं."

"न्हाई असली तर उपाशी मारतेत का?"

"आल्या आल्या सुरू झालीस तू."

समुद्राकाठी लाकडी खाटा मांडल्या होत्या, वर छत्र्या. त्यावर माणसं तेल लावून पालथी पडलेली. आख्खा दिवस. माझ्या वयाच्या बायका, अंगावर चिंधीएवढं कापड. मला त्याची लाज वाटली नाही, ज्याचं अंग त्याला. मला राग आला तो त्यांच्या निवांतपणाचा. आमच्याकडं म्हातारी निजली की घरातले विचारतात, दुखतंय का काही.

"यांना काम न्हाई का?"

"सुट्टीवर आलेत. वर्षभर ऊन दिसत न्हाई त्यांना."

"मंग बदनापूरला पाठवून दे. मे महिन्यात उभं करू स्टेशनावर."

लेक हसली. पहिले दिवस ती पुष्कळ हसायची. मला म्हणायची, पाण्यात पाय तरी घाल. मी म्हणायचे, पायाला काय झालंय. ती हसायची. मग एका सकाळी मी लुगडं वर धरून घातले पाय. पाणी गार होतं. पायाखालचे गोटे टोचत होते. तिनं फोटो काढला आणि भावाला पाठवला.

सकाळी मोठ्या दालनात जेवण मांडलेलं असायचं. आपणच ताटली घ्यायची आणि रांगेनं वाढून घ्यायचं. दहीच किती तऱ्हेचं, वर मध. खारवलेली काळी फळं, ऑलिव्ह म्हणतात, त्यांची चव पहिल्यांदा औषधासारखी लागली. पांढरं चीज, तेही खारट. पाव. अंडी. काकडी-टमाट्याच्या फोडी, त्याही आमच्या शेरडाला घालतात एवढ्या मोठ्या. मी सगळं खाते, अंडी खाते, मटण खाते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण मी काय घेते ते लेक बघत असायची. मी ताटली घेऊन बसले की तिच्या ताटलीतलं उचलून माझ्यात घालायची.

"हे खाऊन बघ. घे ना. अजून घे."

आजारी जनावराला चारतात तसं ती मला चारत होती. मी खात होते. खरं सांगायचं तर मला "अजून घे" म्हणून कुणी वाढल्याला किती दिवस झाले ते आठवेना. बदनापूरला सून ताट आणून खाटेवर ठेवते. वाईट नाही ती. ताट भरलेलं असतं. टीव्हीकडं बघत ठेवते आणि टीव्हीकडं बघत उचलते. तिथं माझा हक्क आहे, लेकाचं घर आहे, नातवंडं आहेत. हक्काच्या जागी कोणी आग्रह करत नाही.

कधी कधी बदल म्हणून दुपारी किंवा संध्याकाळी आम्ही बाहेर जेवायला जायचो. बंदराजवळ एक खानावळ होती. बाहेर दोरी बांधलेली आणि तिच्यावर आठ पायांचे ऑक्टोपस वाळत घातलेले, धुणं वाळत घालावं तसे. खाली मांजरं तोंड वर करून बसलेली. मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. लेकीनं पिवळ्या डाळीचं घट्ट वरण मागवलं, वर कच्चा कांदा आणि तेल. ते बरं होतं, फोडणी नव्हती एवढंच. मग एक कोशिंबीर आली, तिच्यात जाडसर, छोटी पानं. मी एक पान चावलं आणि ओळखलं.

"ही घोळ हाय."

"काय?"

"घोळ. आपल्या बांधावरची. तू लहानपणी नाक मुरडायचीस ती. हे लोक कच्चीच खाऊन राह्यलेत."

लेकीनंही चावून बघितलं. "बराबर. घोळच हाय." तिला इतका आनंद झाला की तिनं खानावळवालीला हाक मारून सांगितलं, आमच्या गावाकडंही ही उगवते म्हणून. खानावळवाली चाळिशीची, धिप्पाड बाई होती. कंबरेला फडकं, दोन्ही हातांत ताटल्या. तिचे दोन पोरगे टेबलांमधून पळत होते. आणि दाराजवळच्या खुर्चीत तिची आई बसलेली, काळं लुगडं म्हणावं तसा काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. लेक म्हणाली, नवरा वारला की इथल्या म्हाताऱ्या जन्मभर काळं घालतात. ती म्हातारी शेंगा निवडत बसली होती. मधेच मान वर करून आपल्या लेकीला, त्या खानावळवालीला, काहीतरी ओरडायची. लेकही ओरडायची. मग खानावळवालीनं म्हातारीपुढं मासा आणि पाव आणून ठेवला. म्हातारीनं एक घास खाल्ला, तोंड वाकडं केलं, मीठ मागितलं. लेकीनं मिठाची बाटली आपटली. म्हातारी खात राहिली.

माझी लेक त्यांच्याकडं बघत होती. मग मला म्हणाली, "बघ माय. लेकीच्याच चुलीवरचं खाऊन राह्यली ती. वरून नावं ठेवून राह्यली."

मी म्हणाले, "तिच्या लेकीला दोन पोरं हायेत."

मी सरळ बोलते. जे दिसलं ते बोलले. पण बोलल्यावर लेकीनं चमचा खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. मांजर तिच्या पायाशी येऊन बसलं, तिनं ताटलीतलं सगळं त्याला घातलं. परत जाताना रस्ता चढाचा होता, तरी ती माझ्या पुढं चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली, पण जपून. त्यानंतर मुंग्या आल्या.

खोलीत कपाटाखालून मुंग्यांची ओळ निघाली होती ती थेट माझ्या पिशवीत शिरत होती. लेकीनं पिशवी ओढली आणि उघडली. आत गुळाची ढेप, चटणीची पुडी, माझी वाटी, माझा तांब्या आणि मोठ्या डब्यात सातूचं पीठ. सातूचं पीठ म्हणजे गहू भिजवून, वाळवून, भाजून डाळव्याबरोबर दळलेलं पीठ. पाण्यात गूळ घालून कालवलं की जेवण झालं, चूल लागत नाही. ते महिनोन् महिने टिकतं. लेक लहान असताना गिरणीत बापाजवळ बसून कोरडंच मूठमूठ तोंडात टाकायची.

डब्याचं झाकण काढून तिनं वास घेतला. तिचं तोंड एकदम पोरीसारखं झालं.

"सातू! माय, एवढ्या लांब माझ्यासाठी आणलंस? आन् सांगितलं बी न्हाईस!"

मी काही म्हणायच्या आत तिनं हॉटेलाच्या कपात पाणी घेतलं, गूळ फोडून घातला, पीठ कालवलं आणि उभ्या उभ्या खायला लागली. डोळे मिटून खात होती. मला वाटलं, खाऊ द्यावं. गप्प बसावं. पण मग ती म्हणाली, "हे मी घरी नेऊन जपून ठेवते. रोज एक चमचा."

तेव्हा सांगणं भाग होतं.

"ते तुझ्यासाठी न्हाई," मी म्हणाले. "ते माझं हाय. तुझ्या घरी चार दिवस मी काय खाऊ?"

तिचा घास तोंडात राहिला. तिनं पिशवीकडं पुन्हा बघितलं. वाटी बघितली, तांब्या बघितला. आता तिला सगळं बराबर कळलं.

"तू पाणीबी पिणार नव्हतीस माझ्याकडं?"

मी तांब्या उचलून पिशवीत परत ठेवला.

"बेटावर आणलं, समोर बसून खाल्लं, आन् माझ्या दारात गेल्यावर ही वाटी काढून बसणार व्हतीस? कुठं बसणार व्हतीस? माझ्याकडं तर जिना न्हाई. लिफ्ट हाय. लिफ्टमध्ये बसणार व्हतीस?"

"ओरडू नको. बाजूला माणसं हायेत."

"त्यांना मराठी कळत न्हाई!"

तिनं कप बेसिनमध्ये उपडा केला, पीठ वाहून जाईस्तोवर नळ सोडला. मग डबा घट्ट लावून पिशवीत ठेवला, मुंग्या झटकल्या आणि पिशवी माझ्या खाटेवर आणून ठेवली.

"ऐक, माय. ही पिशवी माझ्या घरात येणार न्हाई. येशील तर रिकाम्या हातानं ये आन् माझ्या ताटात जेव. न्हाईतर येऊ नको. बिलकुल येऊ नको. आपलं विमान तीन दिवसांनी हाय. तोवर सांग."

आणि ती खाली समुद्रावर जाऊन त्या उघड्या बायकांमध्ये पडून राहिली.

मी गच्चीवर सावलीत बसले. विचार करायला तिथं भरपूर वेळ होता, दुसरं कामच नव्हतं. लोकांना वाटेल मी पापपुण्याचा विचार करत होते. मी मालकांचा विचार करत होते. एवढा ताठ माणूस जिन्यात पाय आकसून बसला. परक्या माणसांनी विचारलं, चावी नाही का, ते ऐकून घेतलं. मी आता जाऊन मजेत जेवले, तर तो माणूस कशासाठी बसला होता? मग ते नुसतंच बसणं झालं. आणि त्यांचा राग आला. मेला तो माणूस सुटला. निस्तरायला मी राहिले.

मी लेकाला फोन लावला. लेकीनंच फोन लावायचं शिकवलं होतं.

"तुझी बहीण म्हणती घरी जेव. काय करू?"

"जेव न मंग," तो म्हणाला. मागं टीव्ही चालू होता. "आता कोण पाळतं ते? तूच घेऊन बसलीस."

"तुझे अण्णा पाळत व्हते."

"त्यांचा जमाना गेला, आई. बिनधास्त जेव. उलट मी म्हणतो, चार दिवस कशाला, जमतंय तर दोन-तीन महिने राहून ये. इथं ऊन फार हाय. पोरांच्या परीक्षा हायेत, तुझी खोली त्यांना अभ्यासाला होईल."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मी हा रिवाज कुणासाठी तरी सांभाळतेय. तो कुणाला नकोच होता. मालक गेल्यापासून तो एकट्या माझ्याच डोक्यावर होता आणि माझी खोली अभ्यासाला द्यायची होती.

शेवटच्या आदल्या दिवशी मीच लेकीला म्हणाले, त्या खानावळीत जाऊ. ती आली. ऑक्टोपस तसेच लटकत होते. काळ्या झग्याची म्हातारी त्या दिवशी कांदे सोलत होती. जेवण समोर आलं आणि मी सांगितलं.

"पिशवी इथंच ठेवते. येते तुझ्या घरी. तू वाढशील ते जेवते."

मला वाटलं होतं, ती रडेल किंवा गळ्यात पडेल. मी त्याची तयारी करून बसले होते. ती नुसती बघत राहिली.

"काहून?"

"काहून म्हंजे? तुलाच पाह्यजे ना?"

"मला तर लग्न झाल्यापासून पाह्यजे. आता एकदम काय झालं?"

"तुझ्या भावाला इचारलं. तो म्हणला जेव."

"त्याला इचारलंस." ती हसली, चांगलं नाही. "मी इतकी वर्षं म्हणते, ते काहीच न्हाई. तो टीव्ही बघत म्हणला आन् रिवाज मोडला?"

"त्याच्या म्हणण्यानं न्हाई मोडला. मला तसाबी तो पटत नव्हता."

हे मी का बोलले? खरं होतं म्हणून बोलले. त्या घडीला मला वाटलं, हे ऐकून तिला बरं वाटेल.

"पटत नव्हता?" तिचा आवाज खाली गेला. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. मूल होणं न होणं बाईच्या हातात हाय का? त्याचा आन् भाकरीचा काय संबंध?"

"मंग जिन्यात काहून बसलीस?"

"तुझे अण्णा बसले. त्यांना तिथं बसवून मी वर पंख्याखाली जेवू?"

"त्यांना कधी म्हणलीस, हे चूक हाय म्हणून?"

"नवऱ्याला असं म्हणत असतेत का?"

ती किती तरी वेळ टेबलावरच्या कागदाच्या कोपऱ्याला घड्या घालत बसली. खानावळवालीनं येऊन विचारलं, जेवण आवडलं नाही का. लेकीनं मान हलवली.

मग मला म्हणाली, "मला वाटायचं तू मानतीस. देवाधर्माचं हाय, तुझ्या हातात न्हाई. म्हणून मी कधी तुझ्याशी भांडले न्हाई. मनातल्या मनात म्हणायचे, माय बिचारी अडकली. अण्णांचा राग करायचे, तुझा कधी केला न्हाई." तिनं कागदाची घडी उलगडली. "आन् तू तर मानतबी नव्हतीस. तुला माहीत व्हतं मी काही वाईट केलं न्हाई. तरी खाली जाऊन बसलीस."

"मी एकटी तशी न्हाई. सगळ्या बायका तसंच वागतेत."

"मला सगळ्या बायकांचं काय करायचं?"

ती उठली आणि बंदराकडं चालत गेली. बोटी होत्या तिथं उभी राहिली. मी जेवले. अन्न समोर होतं आणि मला भूक होती. खोटं कशाला लिहू? काळ्या झग्याच्या म्हातारीनं माझ्याकडं बघून हातानं विचारलं, काय झालं? मी हातानंच सांगितलं, काही नाही.

सकाळी लेक सामान भरत होती. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "तुझं तिकीट बदललं. तू अथेन्सहून सरळ मुंबईला जा. भाऊ घ्यायला येईल, त्याला सांगितलंय."

"मी जेवते म्हणले ना?"

"हो. पण आता मला वाढता येणार न्हाई, माय. मी सैपाक केला असता, तू जेवली असतीस, आन् प्रत्येक घासाला मला वाटलं असतं, एवढं सोपं व्हतं. एवढं सोपं व्हतं आन् केलं न्हाई."

मी म्हणाले, "बरं."

विनवण्या मला येत नाहीत. आल्या असत्या तरी त्या सकाळी करायला हव्या होत्या का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ती चूक करत होती असं मला वाटलं, आजही वाटतं. पोटात दुखणं असलं तरी माणसानं पानात वाढावं. पण तिचं घर, तिची चूल. तिनं नाही म्हटलं तर नाही.

बोटीत आम्ही शेजारी बसलो. ती मला पाणी देत होती, वारा लागतो म्हणून शाल देत होती. भांडण संपलं होतं, त्यामुळं बोलायला काही उरलं नव्हतं. अथेन्सला पुन्हा ती चाकाची खुर्ची आली. तिनं सगळ्या रांगेसमोर वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं, उठली, माझ्या मनगटावरची हॉटेलाची पट्टी दातानं तोडली आणि म्हणाली, "पोचल्यावर फोन कर." खुर्ची ढकलणारा पोरगा घाईत होता. मी वळून बघितलं तेव्हा ती दुसऱ्या रांगेत लागली होती.

बदनापूरला आले. लेकाला मी सांगितलं, तिच्या नवऱ्याला अचानक परगावी जावं लागलं म्हणून लवकर आले. त्यानं पुढं विचारलं नाही. तो दोन-तीन महिने धरून बसला होता, त्यामुळं लवकर म्हणजे मी चार दिवस तिकडं राहून आले असं त्याला वाटतं. सुनेनं गल्लीत सांगून टाकलं, आमच्या सासूबाई जर्मनीला ताईंकडं जेवून आल्या. आता गल्लीभर तेच झालंय. दोघी-तिघींनी तोंडावर विचारलं, या वयात रिवाज कशाला मोडला? एकीनं तर कानाला हात लावले. जे ताट मला मिळालंच नाही, त्याची बोलणी मी खाते आहे.

मी खरं सांगत नाही. सांगायचं काय? लेकीनं दाराबाहेरूनच लावून दिलं म्हणून? मग या बायका तिला बोलतील. तिला मूल नाही यावरून पुष्कळ बोलून झालंय.

परवा शेजारची मारवाडीण ओट्यावर येऊन बसली. त्यांची तिसरी पिढी इथंच आहे, कापडाचं दुकान आहे. माझ्याच वयाची.

"काय ओ, लेकीच्या घरी जेवून आल्या म्हणे," ती म्हणाली. "आमच्यात तर लेकीच्या घरचं पाणीबी चालत न्हाई, मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

"काय केलं व्हतं मंग लेकीनं?"

मी सांगायला लागले. वरण-भात, मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. तिकडं ज्वारी कुठून मिळाली, तिनं विचारलं. मी म्हणाले, पोरीनं शोधून आणली माझ्यासाठी. गोड काय होतं? पुरणपोळी. तूप वाढलं? भरपूर वाढलं. नको म्हटलं तरी वाढलं.

मारवाडीण ऐकत राहिली. तिच्या लेकी इंदूरला आणि सुरतेला आहेत. मग उठता उठता म्हणाली, "नशीब तुमचं. मालक मातर बिचारे न जेवताच गेले."

"त्यांना भूक कमी व्हती," मी म्हणाले आणि आत आले.